कोंबडीची आंघोळ

रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास आपल्याकडच्या कितीतरी स्वयंपाकघरांत एकच आवाज असतो. नळाचा. चिकनची पिशवी सिंकमध्ये रिकामी होते, वरून नळ फुल्ल सुटतो आणि मग त्या कोंबडीला अशी काही आंघोळ घातली जाते, की जिवंतपणी तिच्या नशिबात तसली एकही आली नसेल. एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी. कुणाकडे हळद चोळतात, कुणाकडे मीठ, कुणाकडे कणीक लावून धुतात, आणि ज्यांनी यूट्यूब पाहिलंय ते व्हिनेगर. पाणी नितळ दिसेपर्यंत हे चालतं. मग समाधानाने हात झटकले जातात. हात झटकल्यावर शिंतोडे कुठे उडतात, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. ओट्यावर शेजारीच चाळणीत कोथिंबीर निथळत असते.

या आठवड्याचा विषय ते शिंतोडे.

कच्चं चिकन धुवू नये. हे वाक्य आईसमोर किंवा सासूबाईंसमोर ज्याने-त्याने स्वतःच्या जबाबदारीवर उच्चारावं. ‘शी! न धुता?’ ही पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे, आणि ती समजण्यासारखीही आहे. डाळ धुतो, तांदूळ धुतो, पालेभाजी तर चार-चार वेळा धुतो, मग पिसांच्या आणि रक्ताच्या दुकानातून आलेली कोंबडी तेवढी धुवायची नाही? लॉजिक पटत नाही. पण डाळ-तांदळावर जे बसलेलं असतं ती धूळ असते. कोंबडीवर जे असू शकतं ते जिवंत असतं, आणि पाण्याने ते मरत नाही, फक्त जागा बदलतं.

त्याचं नाव सॅल्मोनेला.

नाव ऐकून मासा आठवतो. सॅमनशी त्याचा काही संबंध नाही, तो साल्मन नावाच्या माणसाशी आहे. डॅनियल साल्मन हे अमेरिकन सरकारी खात्यातले जनावरांचे डॉक्टर. १८८५ साली त्यांच्या प्रयोगशाळेत डुकरांच्या एका साथीच्या रोगाचा शोध घेताना हा जंतू सापडला. सापडवला खरं तर त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथ यांनी. नाव लागलं साहेबांचं. काम ज्युनिअरचं आणि क्रेडिट बॉसचं, ही पद्धत आपल्या ऑफिसात सुरू झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी गैरसमज दूर करावा. गंमत म्हणजे डुकरांचा तो रोग या जंतूमुळे होतच नव्हता, तो एका विषाणूचा प्रताप होता, हे नंतर कळलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

सॅल्मोनेला हे एका जंतूचं नाव नाही, आख्ख्या खानदानाचं आहे. त्यात अडीच हजारांहून जास्त प्रकार मोजले गेलेत. त्यांतला एक आपल्या चांगला ओळखीचा आहे: टायफॉइडचा. म्हणून कुणी म्हणतं, ‘सॅल्मोनेला म्हणजे टायफॉइडच ना, चिकनमधून टायफॉइड होतो का?’ नाही. टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो. तो येतो माणसाच्या मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून. कोंबडीवाले सॅल्मोनेला त्याचे चुलतभाऊ. स्वभाव थोडा सौम्य, पण बिनविषारी म्हणावेत असेही नाहीत.

हे चुलतभाऊ कोंबडीच्या आतड्यात राहतात, आणि बहुतेक वेळा कोंबडीला त्याचा पत्ताही नसतो. ती खाते, पिते, वाढते, पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते आणि दुकानात येते. एकदम फिट. त्यामुळे ‘आमच्या डोळ्यांसमोर कापून घेतलं, तरतरीत कोंबडी होती’ या म्हणण्याला इथे काही अर्थ नाही. वासालाही नाही. मांसाला वास येतो तो कुजवणाऱ्या जंतूंमुळे, ती मंडळी वेगळी. सॅल्मोनेला वास सोडत नाही, रंग बदलत नाही, चिकटपणा आणत नाही. नाकाने तो पकडता येत नाही.

आतड्यातला जंतू मांसावर कसा येतो, हे कुठल्याही चिकनच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. कोंबडी कापली जाते, ड्रममध्ये टाकली जाते, पिसांसकट कातडी एका झटक्यात ओढली जाते. पोट उघडून आतडी काढतात त्याच हातांनी, त्याच सुरीने, त्याच लाकडी ओंडक्यावर मग तुकडे होतात. तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाची कोंबडीही तिथेच, त्याच्याही आधीची तिथेच. शेवटी एका बादलीत सगळं बुडवून काढतात. त्या बादलीकडे एकदा नीट बघा. मोठ्या कारखान्यात यंत्रं असतात, गार पाण्याच्या टाक्या असतात, पण तत्त्व तेच. हजारो कोंबड्या एकाच वाटेने जातात, आणि एकीचं दुसरीला लागतं.

‘आम्ही गावरानच खातो’ म्हणणाऱ्यांनी फार खुशीत राहू नये. जंतूला कोंबडीची जात कळत नाही. २०२० साली लॉकडाउनमध्ये अमेरिकेत अनेकांनी हौसेने परसात कोंबड्या पाळल्या, आणि त्या वर्षी घरगुती कोंबड्या-बदकांमुळे सॅल्मोनेला झालेल्यांची नोंद झाली १,७२२. त्यात लहान मुलं बरीच होती. पिल्लं गोंडस असतात, मुलं त्यांचे मुके घेतात.

आता धुण्याकडे येऊ. २०१९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या मदतीने केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर मला आपलीच सगळी स्वयंपाकघरं दिसायला लागली. सुमारे तीनशे लोकांना एका टेस्ट किचनमध्ये बोलावलं. काम साधं: चिकनचे तुकडे शिजवायचे आणि सोबत एक सॅलड करायचं. कॅमेरे लावलेले. लोकांना हे माहीत नव्हतं की चिकनवर आधीच एक निरुपद्रवी जंतू लावून ठेवलाय. रंगपंचमीला कुणाचा रंग कुणाला लागला ते कळतं ना, तसं तो जंतू नंतर कुठे-कुठे सापडतो हे पाहायचं होतं.

ज्यांनी चिकन धुतलं, त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो जंतू सापडला. बरं, या लोकांनी नंतर सिंक साफही केलं. तरी १४ टक्के सिंकमध्ये तो होताच. आणि या धुणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये तो पोचला होता. सॅलड, जे शिजत नाही, सरळ तोंडात जातं.

इथपर्यंत कुणीही म्हणेल, बघा, धुवू नका म्हणत होतो ना. पण मजा पुढे आहे. ज्यांनी चिकन अजिबात धुतलं नव्हतं, त्यांच्यापैकी ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्येही जंतू सापडला! म्हणजे धुणारे आणि न धुणारे, दोघांचीही कोशिंबीर सारखीच बिघडली. कारण हात. चिकनला हात लावला, मग मसाल्याच्या डब्याला लावला, नळाला लावला, मोबाइल वाजला म्हणून मोबाइलला लावला, आणि मग काकडी चिरायला घेतली. याच मालिकेतल्या २०१८च्या प्रयोगात तर दिसलं होतं, की जिथे हात धुवायला हवे होते तिथे लोक ९७ टक्के वेळा नीट धुतच नव्हते. वीस सेकंद साबण लावून चोळणं म्हणजे काय, हे कोविडने आपल्याला शिकवलं होतं. किती पटकन विसरलो, नाही?

तेव्हा ‘धुवू नका’ हा अर्धाच सल्ला आहे. मला विचाराल तर बिनमहत्त्वाचा अर्धा. धुण्याचं टाळून हात तसेच ठेवले तर फायदा शून्य.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र फार चांगली आहे. आपला रस्सा. सॅल्मोनेला उष्णतेपुढे टिकत नाही. तुकड्याच्या आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस गाठलं की तो संपला. रटरट उकळणारा तांबडा रस्सा, झाकण ठेवून शिजवलेलं सुकं, कुकरच्या शिट्ट्या, यांच्यातून हा जंतू वाचून येण्याची शक्यता जवळजवळ नाही. आपण तुकडे लहान करतो, भरपूर वेळ शिजवतो, हाडापासून मांस सुटेपर्यंत सोडत नाही. परदेशात अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये घालून आत थर्मामीटर खुपसत बसतात, आपल्याला त्याची गरज पडली नाही ती यामुळे. जगात चिकन शिजवण्याची सगळ्यात सुरक्षित पद्धत कोल्हापूरची आहे असं मी म्हटलं, तर पक्षपात म्हणू नका.

गडबड ताटात होते. रश्शाशेजारी कांदा-लिंबू असतं, कोशिंबीर असते, वरून भुरभुरलेली कोथिंबीर असते. हे सगळं कच्चं, आणि हे सगळं त्याच बोर्डवर चिरलेलं, जिथे अर्ध्या तासापूर्वी लेगपीसला चिरा पाडल्या होत्या. पातेल्यात जंतू मरतो आणि कांद्याच्या चकतीवर बसून जेवायला येतो. बॅचलर फ्लॅटमध्ये तर विचारूच नका. तिथे सुरी एक, बोर्ड एक (तोही असला तर), आणि भांडी पुसायचं फडकं बहुतेक गेल्या दिवाळीपासून तेच. असल्या फ्लॅटमध्ये दुसरी सुरी घेण्याचा खर्च एका पिझ्झाच्या निम्मासुद्धा नाही. एवढंही जमत नसेल तर क्रम बदला: आधी कांदा-काकडी-कोथिंबीर चिरून झाकून ठेवा, चिकन सगळ्यात शेवटी बाहेर काढा. फुकटात काम होतं.

दुकानातून आलेल्या तुकड्यांना पिसं, रक्ताच्या गुठळ्या, हाडाचा भुगा चिकटलेला असतो, तो तसाच पातेल्यात घालवत नाही, हे मला मान्य आहे. अमेरिकन कृषी खात्याला आपल्या कोपऱ्यावरचं दुकान माहीत नाही. मग निदान वाहत्या नळाखाली धरू नका. मोठ्या भांड्यात पाणी घ्या, तुकडे अलगद त्यात सोडा, हाताने साफ करा, पाणी हळू ओता, आणि त्या वेळी सिंकमध्ये किंवा आजूबाजूला दुसरं काहीही नको. मग सिंक, नळाची चावी, ओटा साबणाने घासा, आणि हात. त्याहून बरं म्हणजे पिसं आणि गुठळ्या दुकानातच काढून द्यायला सांगा. चिकनवाला कुरकुरतो, पण करतो.

आणि हो, हळद, मीठ, दही, लिंबू. चवीला एक नंबर. पण मॅरिनेशनने सॅल्मोनेला मरतो यावर विसंबू नका. ज्या दह्यात चिकन मुरलं, त्यातलं उरलेलं दही चटणीत ढकलायचं नाही. ‘वाया कशाला घालवायचं’ ही आपली जुनी सवय इथे महागात पडते. उकळून रश्शात घातलं तर प्रश्न नाही.

फ्रीजबद्दलही एक मोठा गैरसमज आहे. फ्रीजरमध्ये सॅल्मोनेला मरत नाही, झोपतो. बर्फ वितळला की उठतो. पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंतचं तापमान धोक्याचं मानलं जातं, आणि शरीराच्या तापमानाच्या आसपास तर तो जोरात वाढतो. अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन. नुकत्याच कापलेल्या कोंबडीची पिशवी हाताला कोमट लागते ना? तीच घेऊन तुम्ही भाजी, वाणसामान, ड्रायक्लीनरकडचे कपडे असे दोन तास मे महिन्यात फिरता. चिकन सगळ्यात शेवटी घ्या. फ्रीजमध्ये ठेवताना झाकणाच्या डब्यात, खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी दह्यावर किंवा कापलेल्या कलिंगडावर ठिबकणार नाही. आणि फ्रोझन चिकन सकाळी ओट्यावर काढून ठेवून ऑफिसला जायचं, संध्याकाळी येऊन शिजवायचं, हा प्रकार बंद. आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात ठेवलं की काम होतं.

वीकेण्डला अलिबागकडे जाऊन पोपटी लावणाऱ्यांना एकच विनंती. मडकं बाहेरून लाल झालं म्हणून आतला लेगपीस शिजलाच असं नाही. हाडाजवळ कापून बघा, शंका आली तर परत लावा. गच्चीवरच्या बार्बेक्यूलाही हेच लागू. तिथे तर कच्चे तुकडे ज्या ताटलीतून आले, त्याच ताटलीत भाजलेले परत ठेवतात. एअर फ्रायरवाल्यांनी फ्रोझन पाकिटावरची सूचना वाचावी. बाहेरून खरपूस, तांबूस दिसणारी प्रत्येक गोष्ट आधी शिजवलेली नसते, काही आतून कच्चीच असतात.

झालाच, तर होतं काय? सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही सुरू होतं. त्यामुळे आपण नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो. बुधवारी पोट बिघडलं की मंगळवारची पाणीपुरी बदनाम, आणि रविवारचं घरचं चिकन नामानिराळं. जुलाब, ताप, पोटात मुरडा, कधी उलट्या. बहुतेकांचं चार ते सात दिवसांत आपोआप बरं होतं. औषध म्हणजे मुख्यतः पाणी आणि ओआरएस. पण जुलाबातून रक्त पडायला लागलं, ताप खूप चढला, लघवी कमी झाली किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टर गाठायचा. काही जणांमध्ये जंतू आतड्यातून रक्तात शिरतो, आणि मग प्रकरण जिवावर बेतू शकतं. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टच्या पुढचे लोक, केमोथेरपी चालू असलेले किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे ते, यांना हा धोका जास्त. म्हणजे तुम्ही दोन दिवस वर्क फ्रॉम होम घेऊन उठाल. तुमच्याच ताटातली कोशिंबीर खाल्लेले आजोबा किंवा दोन वर्षांची भाची कदाचित आयसीयूत असतील. काहींना बरं झाल्यावर काही आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात, आणि तेव्हा त्याचा संबंध कुणी चिकनशी लावत नाही.

ऑफिसवाल्यांसाठी दोन गोष्टी खास. ॲसिडिटीच्या गोळ्या आपण चणेफुटाण्यासारख्या खातो. पोटातलं ॲसिड म्हणजे आपल्या दारावरचा वॉचमन. अन्नाबरोबर आलेले बरेच जंतू तो तिथेच मारतो. रोज गोळी घालून त्याला झोपवलं की सॅल्मोनेलाला आत यायला कमी संख्याही पुरते. डॉक्टरने दिली असेल तर जरूर घ्या, पण ‘काल जरा जास्त झालं’ म्हणून रोज नको. दुसरी गोष्ट, मेडिकलवाल्याला विचारून घेतलेली अँटिबायोटिक. साध्या, तब्येतीने धडधाकट माणसाच्या सॅल्मोनेला जुलाबात तिचा उपयोग नसतो. उलट जंतू शरीरात जास्त दिवस रेंगाळू शकतो. ज्याला खरंच गरज आहे त्याचा निर्णय डॉक्टर करतील.

त्या अँटिबायोटिकचा आणखी एक धागा कोंबडीच्या पोटात आहे. २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली परिसरातून चिकनचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोंबड्या आजारी पडू नयेत, लवकर वाढाव्यात म्हणून ती दिली जात होती. अशा वातावरणात जे जंतू तगतात ते औषधाला न जुमानणारे. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचं हत्यार मानलं जाणारं औषध कोंबड्यांना देण्यावर आपल्या सरकारने बंदी घातली, पण ती २०१९ साली. म्हणजे तोवर ते राजरोस चालू होतं.

आपली भीती कशी चालते हे बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी २००६ आठवतोय? नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, भारतातला पहिलाच. लाखो कोंबड्या मारल्या, टीव्हीवर पांढरे सूट घातलेली माणसं दिसली, आणि मुंबई-पुण्यात लोकांनी चिकन सोडलं. ऑफिस कँटीनमधली बिर्याणी एका रात्रीत व्हेज झाली. त्या साथीत माणसाला लागण झाल्याची एकही नोंद नाही. आणि सॅल्मोनेला? अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र गेली काही वर्षं जो अंदाज देत आलंय तो असा: त्या एका देशात वर्षाला साडेतेरा लाख लोक आजारी, साडेसव्वीस हजार हॉस्पिटलमध्ये, चारशे वीस मृत्यू. त्यातला बराचसा भाग अन्नातून, आणि अन्नात चिकन वरच्या नंबरात. पण पांढरे सूट दिसत नाहीत म्हणून कुणी घाबरत नाही.

इथवर मी तुम्हालाच सांगत आलोय: तुम्ही हात धुवा, तुम्ही बोर्ड बदला. पण हा जंतू तुम्ही घरात बनवलेला नाही. तो विकत आलाय, पैसे मोजून. मग जबाबदारी कुणाची?

अमेरिकेत १९७४ साली हा प्रश्न कोर्टात गेला होता. मांसाच्या पाकिटावर सरकारी तपासणीचा शिक्का असतो, पण आत सॅल्मोनेला असू शकतो हे लिहिलेलं नसतं, ही तक्रार. कोर्टाने निकाल दिला तो साधारण अशा अर्थाचा, की अमेरिकन गृहिणी काही अडाणी नाही, मांस नीट शिजवायचं तिला कळतं. झालं! पुढची पन्नास वर्षं तिथला चिकन उद्योग या वाक्याच्या सावलीत बसलाय. १९९३ साली हॅम्बर्गरमधल्या ई-कोलाय जंतूने चार मुलांचा बळी घेतल्यावर १९९४मध्ये तो जंतू असलेला बीफचा खिमा विकणं बेकायदा ठरलं. कच्च्या चिकनमधला सॅल्मोनेला मात्र कायदेशीरच राहिला. २०१६च्या निकषाप्रमाणे तर कारखान्यातल्या चिकनच्या तुकड्यांच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी १५.४ टक्क्यांपर्यंत सॅल्मोनेला सापडला तरी कारखाना पास! आपल्या शाळेत पासिंगला पस्तीस लागायचे, तेवढं तरी.

याची किंमत २०१३ साली दिसली. कॅलिफोर्नियातल्या फॉस्टर फार्म्स या मोठ्या कंपनीच्या चिकनमुळे मार्च २०१३ ते जुलै २०१४ या काळात २९ राज्यं आणि पोर्तो रिको इथले ६३४ लोक आजारी पडले. जवळपास चाळीस टक्क्यांना हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. जंतू अनेक औषधांना दाद न देणारा. एका कॉस्टको स्टोअरमधून तर भाजून तयार असलेल्या हजारो कोंबड्या परत मागवाव्या लागल्या. पण कच्चं चिकन? ‘नीट शिजवलं तर सुरक्षित आहे,’ असं म्हणत ते दुकानात राहिलं. ते मागे घेतलं गेलं जुलै २०१४मध्ये, साथ सुरू झाल्यावर सव्वा वर्षाने. गंमत म्हणजे नंतर त्याच कंपनीने मनावर घेतल्यावर सॅल्मोनेलाचं प्रमाण बरंच खाली आणून दाखवलं. म्हणजे जमत होतं की! २०२४ साली तिथल्या कृषी खात्याने कच्च्या चिकनसाठी कडक नियमांचा प्रस्ताव आणला. एप्रिल २०२५मध्ये तो मागे घेतला.

स्वीडनचं उलटं. १९५३ साली आल्वेस्टा गावातल्या एका कत्तलखान्यातून निघालेल्या मांसामुळे जवळजवळ नऊ हजार लोक आजारी पडले, सुमारे नव्वद दगावले. मांस कोंबडीचं नव्हतं, पण धडा सगळ्यांनी घेतला. त्यांनी गृहिणींना दोष दिला नाही. कोंबड्यांचं खाद्य गरम करून निर्जंतुक करायचं, प्रत्येक कळप तपासायचा, आणि सॅल्मोनेला निघाला तर तो कळप बाजारात जाणारच नाही. खर्च झाला, आरडाओरड झाली. पण तिथल्या चिकनमध्ये सॅल्मोनेला सापडण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली असतं. १९९५ साली युरोपियन युनियनमध्ये शिरताना त्यांनी अट घातली, की आमच्याकडे येणारं मांसही तपासूनच यायला हवं. थंड हवा, छोटा देश, पैसा आहे, हे सगळं खरं. तरी कोंबडी तीच आहे आणि जंतूही तोच.

आपल्याकडे अजून बहुतेक चिकन जिवंत कोंबडी कापूनच विकलं जातं, आणि माझ्या कोपऱ्यावरचा दुकानदार कुठला कळप कुठून आला हे सांगू शकत नाही. आपण जागे होतो ते कुणी दगावल्यावर. मे २०२२मध्ये केरळात कासारगोड जिल्ह्यात शवर्मा खाऊन एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, कित्येक जणांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तिथल्या शवर्माच्या नमुन्यांत शिगेला आणि सॅल्मोनेला हे दोन्ही जंतू सापडले. त्यानंतर जानेवारी २०२३मध्ये केरळने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी आणली. ऑक्टोबर २०२४मध्ये तेलंगणाने आणि एप्रिल २०२५मध्ये तमिळनाडूने वर्षभरासाठी तेच केलं.

शवर्माची अडचण त्याच्या रचनेतच आहे. मांसाचा तो उभा शंकू बाहेरून भाजतो, आत कोमटच असतो. दुकान रिकामं असतं तेव्हा ठीक, प्रत्येक थर आरामात भाजला जातो. पण शुक्रवारी रात्री नऊला, रांग रस्त्यापर्यंत आलेली असताना, सुरी आचेपेक्षा वेगाने चालते आणि अर्धकच्चा थर सरळ रोटीत जातो. वरून मेयो. ते व्हेज आहे की अंड्याचं, एवढं विचारायला लाजू नका, आणि अंड्याचं असेल तर नको म्हणा. चांगले शवर्मावाले कापलेलं मांस परत तव्यावर टाकतात, चरचर आवाज येईपर्यंत परततात, मग भरतात. तुमचा तसं करत नसेल तर त्याला सांगा. दोन मिनिटं जास्त लागतील, मागचा माणूस वैतागेल. वैतागू दे.